देवगडची स्पेलिंगं

'देवगड' रोमन लिपीत लिहून बघा. डी-ई-व्ही-जी-ए-डी. शेजारचा बागायतदार शेवटी एक एच लावतो, तिसऱ्याच्या पेटीवर व्हीच्या जागी ओ असतो. चूक कुणाचीच नाही, कारण आपल्या 'व'ला आणि 'ड'ला इंग्रजीत ठरलेलं घरच नाही. मालवण कधी व्हीने, कधी डब्ल्यूने. आता या तिघांनी हापूस विकायला वेबसाइट काढून गूगलवर जाहिरात दिली, असं समजा. आपल्या लेखी हे एका वाडीतले तीन शेजारी. यंत्राला मात्र एक अस्सल आणि दोन नकला वाटू शकतात.

यंत्र साम्य कसं मोजतं, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने 1965 साली शब्दाशब्दांतलं अंतर मोजायची रीत मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, तेवढं अंतर. एच लावलेला देवगड मूळ देवगडापासून 1 वर. ओवालाही 1 वर. चित्रांनाही अशीच फूटपट्टी लागते. एका रीतीत फोटो आक्रसून 8 बाय 8 चौकटींचा करडा ठिपका करतात आणि त्या 64 चौकटी दुसऱ्या फोटोच्या चौकटींशी ताडून बघतात. व्हॉट्सॲपवर आलेला पेटीचा देखणा फोटो कडा जराशा कापून आपल्या साइटवर टाकला, तरी ठिपका बहुतेक तसाच राहतो!

उलटंही घडतं. 'ॲप'मधला 'ॲ' संगणकात एकाच खुणेने लिहिता येतो, किंवा 'अ'वर अर्धचंद्र चढवूनही. डोळ्यांना तेच अक्षर, संगणकाला वेगळं. रोमन ए आणि रशियन लिपीतला ए तर जुळे भाऊ. त्यांची अदलाबदल करून ठग खोटे पत्ते बनवतात. म्हणून जाहिरात कंपन्या इतक्या सावध असतात.

अक्षराच्या फरकावरून आपल्याकडे खटलाही झालाय. 'सिफी' आणि एक एफ जास्तीचा 'सिफ्फी' यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगितलं, की इंटरनेटवरच्या नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे.

गूगलकडे दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि ही फोड मला फार महत्त्वाची वाटते. जाहिरातीच्या मजकुरात दुसऱ्याचा ट्रेडमार्क आला आणि त्याने तक्रार केली, तर सहसा त्या जाहिरातीवर बंधन येतं. पण आपण म्हणजे तीच कंपनी असं भासवलं, तर अख्खं खातंच बंद, तेही पूर्वसूचना न देता. ऐन एप्रिलमध्ये, आंबा अढीत पिकत असताना! अशा वेळी घाईने दुसरं खातं उघडणं सगळ्यात वाईट. ती पळवाट समजून तेही बंद होतं. पुरावे जोडून अपील करायचं, हाच रस्ता.

त्याआधीच करायची कामं साधी आहेत. गावाच्या नावाला आपल्या कुळाचं किंवा बागेचं नाव जोडा. फोटो आपल्याच कलमांचे, आपल्याच पेट्यांचे काढा. साइटवर पत्ता, फोन आणि एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक ठळक लिहा. जाहिरातदाराच्या पडताळणीत दिलेलं नाव आणि साइटवरचं नाव एकच असू द्या. दुसऱ्याचा माल विकत असाल तर 'आम्ही विक्रेते आहोत' हे पहिल्याच पानावर सांगा.

कोकणाकडे याहून भक्कम पुरावाही आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. ते एकट्याच्या मालकीचं नाही. या पट्ट्यातला बागायतदार अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घेऊ शकतो. अपिलाला ते प्रमाणपत्र जोडता येतं. नाव एकच आणि ते वापरायचा हक्क शेकडो घरांचा, हे त्यावरून माणसाला तरी कळतं.

साम्याचा हा पेच आंब्याला मुळीच नवा नाही. परराज्यातलं फळ देवगडच्या नावाने खपतं, म्हणून देवगडच्या उत्पादक संस्थेने 2025 च्या हंगामात यूआयडी स्टिकर आणलं. पेटीतल्या पेंढ्यावर शेजारी शेजारी निजलेली दोन फळं रंगाने, बांध्याने, वासानेही सारखी. अंगावरचा क्रमांक मात्र प्रत्येकाचा वेगळा.