‘टेन्शन’ म्हणजे नेमकं काय?

आज आपण ‘टेन्शन’ या शब्दाबद्दल बोलू. इंग्रजीत त्याचा अर्थ ताण. दोरी दोन्हीकडून ओढली की येतो तो. कोराडीच्या वीज केंद्राकडून येणाऱ्या ‘हाय टेन्शन’ तारांमध्ये मात्र टेन्शन म्हणजे विजेचा दाब.

गटाच्या बैठकीत आम्ही हा शब्द रोज ऐकतो. हप्ता थकला, टेन्शन. पोरीचं लग्न, टेन्शन. नवरा मारतो, तेही टेन्शनच! एकाच शब्दाखाली काळजी, भीती, दुःख सगळं झाकून जातं. पण प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. हप्त्याची काळजी गटात बोलून हलकी होते. माराच्या भीतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

म्हणून कोणी ‘टेन्शन आहे’ म्हणाली, तर ‘घेऊ नको’ म्हणून विषय संपवू नका. ‘कशाचं गं?’ असं विचारा आणि ऐकून घ्या. दोन आठवडे झोप-भूक नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन लावून द्या. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. ‘जगणंच नको’ म्हणाली, तर फोन लगेच लावा आणि तिला एकटी सोडू नका.