पाचाचे दहा

गोवंडीहून दादरला घरकामासाठी जाणाऱ्या एका बाईचा हिशेब मांडून पाहा. घरापासून स्टेशनपर्यंत एक बस, मग लोकल, पुन्हा स्टेशनपासून कामाच्या इमारतीपर्यंत दुसरी बस. संध्याकाळी तोच प्रवास उलटा. लोकलचा पास सोडला तरी दिवसाला बसची चार तिकिटे झाली. महिन्याचे २६ दिवस कामाचे धरले, तर पाच रुपयांच्या तिकिटाने ५२० रुपये होत. ९ मे २०२५ रोजी मुंबईच्या ‘बेस्ट’ बसचे किमान भाडे पाचाचे दहा झाले आणि हा आकडा १,०४० वर गेला. वातानुकूलित बस आली, तर सहाचे बारा.

या भाडेवाढीच्या सातच महिने आधी मुंबईत आणखी एक दर बदलला होता. दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी आणि आनंदनगर या शहराच्या पाच वेशींवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. मोटारवाल्याचे एका वेळचे ४५ रुपये वाचले. सागरी किनारा मार्गावर तर सुरुवातीपासूनच टोल नाही. साडेदहा किलोमीटरच्या या रस्त्यावर महापालिकेने सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च केले. त्यावर दुचाकी आणि रिक्षाला मज्जाव आहे.

‘हवामान न्याय’ हा शब्द परिषदांमधून ऐकू येतो तेव्हा श्रीमंत देश विरुद्ध गरीब देश असे चित्र डोळ्यांसमोर येते. पण तोच वाद एका शहराच्या पोटातही चालू असतो. धूर कोण सोडतो, पाणी कोणाच्या घरात शिरते आणि उपायांचा पैसा कोणाच्या दारात जातो, हे तीन प्रश्न एकत्र विचारले की तो दिसू लागतो.

मुंबईपुरते पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर आहे. महापालिकेचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१९ मध्ये शहराने सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके हरितवायू हवेत सोडले आणि त्यात वाहतुकीचा वाटा साधारण पाचवा होता. या पाचव्या हिश्शात मोटारीत एकट्याने बसलेल्या माणसाचा आणि पन्नास जणांच्या बसमध्ये दांडीला लोंबकळणाऱ्याचा वाटा सारखा नसतो. पायी जाणाऱ्याचा तर शून्यच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दर पावसाळ्यात मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल थांबल्या, रस्ते बुडाले आणि लाखो माणसे रुळांवरून, कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी निघाली. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांची तगमग निराळी. ज्यांच्या प्रवासातून सर्वांत कमी धूर निघतो, तीच माणसे पाण्यात आणि उन्हात सर्वांत आधी सापडतात.

तिसरा प्रश्न पैशाचा. तो समजायचा तर बेस्टच्या तिजोरीत डोकवावे लागते. मुंबईची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, बस चालवणारी ही बेस्ट कंपनी महापालिकेकडे आली. बेस्ट बस चालवते तशी शहर भागाला वीजही पुरवते, आणि अनेक वर्षे विजेच्या बिलातला पैसा बसचा तोटा भरून काढत असे. कुलाब्यातल्या दिव्यांवर परळची बस चालायची म्हणा ना. २००३ च्या वीज कायद्यानंतर ही सोय वादात सापडली आणि पुढे बंद पडली. भोक पडले ते बुजवायला दुसरा हक्काचा निधी मात्र आला नाही.

परिणाम थांब्यावर दिसतो. २०१० च्या आसपास बेस्टकडे साडेचार हजारांच्या घरात बस होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली होत्या आणि त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या, भाडेतत्त्वावरच्या. बस कमी म्हणजे खोळंबा जास्त. खोळंबा झाला की माणूस शेअर रिक्षाकडे वळतो, जमेल तेव्हा हप्त्यावर दुचाकी घेतो. रस्ता आणखी तुंबतो, त्यात बस आणखी रखडते.

हे चक्र उलटे फिरवता येते, याचा पुरावाही बेस्टनेच दिला आहे. ९ जुलै २०१९ रोजी किमान भाडे आठवरून पाच रुपयांवर आणले गेले. रोजचे प्रवासी तेव्हा वीस लाखांच्या आसपास होते. काही महिन्यांत ते तीस लाखांपलीकडे गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि तो प्रयोग अर्ध्यावर राहिला. राज्याच्या एसटीने १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट दिले, तेव्हा गावोगावच्या लालपरीतही बायकांची गर्दी वाढली. ज्या प्रवासाला एरवी घरातून ‘कशाला खर्च?’ असे उत्तर मिळे, तोही होऊ लागला.

मग विजेच्या बसचे काय? २०२३ च्या फेब्रुवारीत विजेवरची दुमजली बस रस्त्यावर आली, सप्टेंबरात डिझेलच्या शेवटच्या डबल डेकरला हार घालून निरोप दिला गेला. थांब्यावरचा काळा धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. पण बेस्ट टाटांकडून वीज घेते आणि त्यांच्या ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्रात अजून कोळसा जळतो. त्याच परिसरात, तेलशुद्धीकरण कारखान्यांना खेटून, माहुल आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून कुटुंबांना जिथे पाठवले, ते हेच माहुल. तिथल्या हवेमुळे कोणावरही तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले. म्हणजे कुलाब्याच्या थांब्यावरून गेलेल्या धुराचा काही भाग पुन्हा अशाच वस्तीच्या नाकात जातो. शिवाय पुनर्वसनात कामाचे ठिकाण दूर गेले की त्या घरांची बसवरची भिस्त वाढते.

पुण्याची गोष्ट वेगळी नाही. बससाठी स्वतंत्र मार्ग आखणारे हे देशातले पहिले शहर. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर हा मार्ग सुरू झाला. पुढे मोटारी त्यात घुसत राहिल्या आणि नगर रस्त्यावरचा मार्ग तर उखडूनच टाकला गेला. १ जून २०२५ पासून तिथल्या बससेवेचा, पीएमपीचा, दिवसाचा पास ४० वरून ७० रुपये झाला.

बेस्टची बाजूही ऐकायला हवी. इंधन, पगार, कंत्राटदारांची देणी यांचा बोजा खरा आहे आणि पाच रुपयांत तो निघत नव्हता. प्रश्न इतकाच की हा खड्डा कोणी भरायचा. टोलमाफीचा भार सरकार उचलते, सागरी मार्गाचा महापालिका. बसच्या तोट्याचा वाटा मात्र गोवंडीच्या थांब्यावरूनही वसूल होतो.

त्या सागरी मार्गाच्या मूळ प्रस्तावात आठपैकी दोन मार्गिका बससाठी राखीव होत्या. २०२४ च्या मार्चमध्ये रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला तेव्हा त्यावर अशी मार्गिका नव्हती. ती द्यायची ठरली तर समुद्रात नवा भराव टाकावा लागणार नाही. आहे त्याच डांबरावर पट्टे आखावे लागतील आणि ते पाळले जातात की नाही हे पाहायला वाहतूक पोलीस उभे करावे लागतील.