नजर ६/६, तरीही डोळे आजारी
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या जानेवारीत आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर माझ्याच गावी भरले होते. मंगळवेढ्याकडची काळी रानं, हुरड्याचे दिवस. पाचव्या दिवशी नेत्रतपासणी होती. गावातील माणसे ओळखीची म्हणून सरांनी मला तक्त्यापाशी उभे केले. शाळेच्या व्हरांड्यात सहा मीटर दोरी मोजून खडूची रेघ ओढली आणि भिंतीवर इंग्रजी ‘ई’ अक्षराचा तक्ता टांगला. अक्षराचे दात कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचे, एवढेच काम. अक्षरओळख नसलेल्यांना या तक्त्याचा फार उपयोग होतो. माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा ‘परीक्षा’ दिली ती याच तक्त्यापुढे.

६/६ किंवा ६/१८ हे गणितातील अपूर्णांक नव्हेत. वरचा आकडा आपण किती मीटरवर उभे आहोत तो. खालचा आकडा, तीच ओळ निरोगी नजरेचा माणूस किती मीटरवरून वाचू शकेल तो. म्हणजे ६/१८ वाल्याला सहा मीटरवरून जे दिसते ते इतरांना अठरा मीटरवरून दिसते. ही पद्धत हेर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ साली आणली. सोपी वाटते, पण आम्ही पहिल्या तासात निम्म्या नोंदी चुकविल्या असतील. बायका डोळा पदराने झाकत. पदर विरळ, त्यातून दिसते. कोणी बोटांच्या फटीतून पाही. रांगेतली पोरे मागून “वर, वर, डावीकडं” असे सांगत. शेवटी डोळा पूर्ण तळव्याने झाकायचा, आणि रांग तक्त्याकडे पाठ करून बसवायची, असा नियम केला.

सर्वांत गंमत वाटली ती छिद्राच्या पुठ्ठ्याची. काळ्या पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून त्यातून तक्ता पाहायला लावतात. आडवेतिडवे किरण अडतात, सरळ येणारे तेवढे आत जातात आणि प्रतिमा स्वच्छ होते. पुठ्ठ्यातून नजर सुधारली तर बहुधा चष्म्याने काम भागते. सुधारली नाही तर मोतीबिंदू, पडदा, नस असे काही असू शकते; त्याला डॉक्टरांकडे पाठवायचे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी शंभरात सुमारे ६६ जणांचे अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले आढळले. आणि मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे. म्हणून आपली शिबिरे मोतीबिंदूभोवती फिरतात, आणि ते योग्यच आहे.

आता माझ्या आत्याची गोष्ट. ती आमच्याच घरी असते. गेले वर्षभर तिचे डोळे मोठे दिसू लागले होते. गावात बोलणे सुरू झाले की ही हल्ली सगळ्यांवर डोळे वटारते. एका शेजारणीशी तर त्यावरून अबोला झाला. आत्या म्हणायची, “मी कशाला डोळं वटारू गं? माझं डोळंच तसं झाल्यात.” डोळ्यांत खडे गेल्यासारखे टोचे, पाणी वाही. एका दवाखान्यातून वर्षभर थेंब आणले. वजन उतरले होते, छाती धडधडे, ती आम्ही उन्हातल्या कामाची दगदग समजलो. फळीवरचा डबा घ्यायला हात घातला की हात शेजारी पडायचा. त्यावर आम्ही हसायचो.

आत्या रांगेत आली. उजवा डोळा ६/६, डावा डोळा ६/६. मी स्वतःच्या हाताने ‘नजर उत्तम’ असे लिहून तिला पुढे पाठविले. डॉक्टर त्या वेळी चहा घेत होते. त्यांनी तिच्याकडे समोरून पाहिले, मग बाजूने पाहिले, तिला हाताची थरथर दाखवायला सांगितली आणि मला विचारले, “ही कोण तुझी? हिच्या थायरॉइडची तपासणी झाली आहे का?”

थायरॉइड म्हणजे पाठ्यपुस्तकातील अवटू ग्रंथी. गळ्यापाशी असते आणि शरीराचा वेग ठरविते. शरीराचे संरक्षक दळ चुकून याच ग्रंथीला चिथावू लागले की ती गरजेपेक्षा जास्त रस सोडते. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीतील कार्ल फॉन बाझेडो यांनी १८४० मध्ये याचे वर्णन केले; बाझेडोंनी गलगंड, धडधड आणि बाहेर आलेले डोळे ही तीन लक्षणे एकत्र मांडली. हा मिठातील आयोडीन कमी पडल्याने होणारा गलगंड नव्हे. आमच्या घरी “मीठ बदला” असा सल्ला पुष्कळांनी दिला, पण त्याचा इथे संबंध नाही.

ग्रंथी गळ्यात, मग डोळ्याला काय होते? ग्रंथीवरच्या ज्या खुणेला हे दळ चिकटते, तशीच खूण डोळ्यामागच्या पेशींवरही असते. त्यामुळे तेथील चरबी आणि डोळा फिरविणारे स्नायू सुजतात. डोळ्याची खोबण हाडांची, साधारण ३० मिलिलिटर जागेची. हाड काही ताणत नाही. कणगीत माल वाढला आणि भिंती हलेनात, तर तो तोंडातूनच बाहेर येणार. तसा डोळा पुढे येतो. वरची पापणी मागे खेचली जाते आणि बुबुळाच्या वर पांढरे दिसू लागते. हेच ते ‘वटारणे’. पापण्या पुऱ्या मिटत नाहीत, झोपेत डोळा सुकतो. स्नायू ताठरला की वर पाहताना एकाचे दोन दिसतात. फळीवरच्या डब्याचे कोडे तेव्हा उलगडले! आणि हेही कळले की आमच्या तक्त्यावर ते दिसणे शक्यच नव्हते, कारण आम्ही एक डोळा झाकत होतो. एक डोळा झाकला की दोनाचे पुन्हा एकच होते.

सर्वांत मोठी भीती खोबणीच्या तळाशी असते. तेथे सुजलेले स्नायू डोळ्याच्या नसेला आवळतात. अशा वेळी रंग आधी फिके पडतात. डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीचे लाल टोपण आत्याच्या एकेका डोळ्यापुढे धरून लाली सारखी आहे का ते विचारले. सारखी होती. ती फिकी असती, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले असते.

उपचारांत पहिले काम रक्तातील थायरॉइड ताळ्यावर आणणे. आत्याला कार्बिमॅझोलच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप किंवा घसादुखी झाल्यास गोळी थांबवून लगेच रक्त तपासायचे, अशी ताकीद आहे, कारण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात. ग्रंथी फार मंदावली तरी डोळ्यांना अपाय होतो, म्हणून तपासण्या वारंवार. किरणोत्सारी आयोडीनने काहींचे डोळे बिघडतात, तो मार्ग जपून घेतात. धूम्रपानाने हा रोग निश्चितपणे वाढतो. सौम्य रोगात कृत्रिम अश्रू, रात्री मलम, उशी उंच आणि काळा चष्मा एवढ्यावर निभावते. आत्याची सूज चढती होती, म्हणून शिरेतून स्टेरॉइड दिले: आठवड्यातून एकदा, पहिले सहा आठवडे अर्धा ग्रॅम, नंतरचे सहा आठवडे पाव ग्रॅम. साखर आणि यकृत तपासून. बारा आठवडे, बारा वेळा एस.टी. सोबत मीच जात असे, कारण कागद इंग्रजीत आणि घरात ते वाचणारी मी एकटी. अमेरिकेत २०२० मध्ये टेप्रोटुमुमॅब नावाचे नवे औषध मंजूर झाले. डोळा आत जातो, पण किंमत अफाट, शिवाय काहींना कमी ऐकू येऊ लागते.

शस्त्रक्रियेची घाई सहसा करीत नाहीत. रोग दीड-दोन वर्षे धुमसतो, मग थंडावतो. तो थंडावल्यावर आधी खोबणीचे हाड कोरून जागा करायची, मग स्नायू, शेवटी पापणी. क्रम उलटला तर आधीचे काम वाया जाते. नस आवळली गेली किंवा बुबुळ धोक्यात आले, तर मात्र वाट पाहत नाहीत.

मग शिबिरात सर्वांचेच थायरॉइड तपासावे काय? मी सरांना असे विचारले होते. मला वाटते, नको. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंग्नर यांनी चाळणी-तपासणीच्या कसोट्या लिहिल्या. रोग महत्त्वाचा हवा, चाचणी सोपी हवी, पुढे उपचाराची सोय हवी, आणि खर्च परवडायला हवा. हा रोग मोतीबिंदूइतका सर्रास नाही. प्रत्येकाचे रक्त काढणे परवडणार नाही. पण तक्त्यापाशी उभ्या असलेल्या मुलीने माणसाच्या तोंडाकडे बघायला पैसे पडत नाहीत. मी तक्त्याकडेच बघत होते.

यंदाच्या शिबिरात नोंदवहीला पेन्सिलने तीन रकाने वाढविले: दोन्ही डोळे उघडे ठेवून, वर पाहताना दोन दिसतात का; झोपेत डोळे मिटतात का; बुबुळाच्या वर पांढरे दिसते का. पहिल्या दिवशी दोन बायका त्यात अडकल्या. एकीचे रक्त ठीक निघाले, दुसरीचा कागद अजून यायचा आहे. आत्याची सूज उतरली आहे, डबा हाताला लागतो, पण डोळे अजून मोठेच दिसतात. शेजारीण परवा हुरडा घेऊन आली होती. पापणीचे काय करायचे ते मार्चच्या तारखेला कळेल.