मापनाची संकल्पना आणि गुंठ्याचे क्षेत्र

बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक हे ऊस पिकविणारे गाव होय. सहकारी साखर कारखान्याच्या या परिसरात गुंठा, एकर व टन हे शब्द बालकाच्या कानी शाळेत जाण्यापूर्वीच पडतात. परंतु शब्द परिचित असणे म्हणजे संकल्पना अवगत असणे नव्हे. '४० गुंठे म्हणजे १ एकर' हे कोष्टक अचूक म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास गुंठा केवढा असतो हे दाखविता येईलच असे नाही.

मापन म्हणजे समान एकक, मध्ये फट न ठेवता व एकावर एक न चढविता, पुन्हा पुन्हा मांडून मोजणे. झां प्याजे व त्यांचे सहकारी यांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात या संकल्पनेची दोन अंगे दाखविली आहेत : पूर्णाचे भाग पाडणे आणि त्यांतील एक भाग पुढे सरकवीत नेणे. ही दोन्ही अंगे मुळात कृतिरूप आहेत. म्हणून कोष्टकापूर्वी कृती येणे इष्ट होय.

प्रथम एकच बाक दोघा विद्यार्थ्यांनी आपापल्या वितीने मोजावा. संख्या भिन्न येतात. ज्याची वीत लहान, त्याची संख्या मोठी. सर्वमान्य एककाची आवश्यकता येथे विद्यार्थ्यांस स्वतःच जाणवते.

त्यानंतर मैदानावर ३३ फूट बाजूचा चौरस दोरी व खुंट्यांनी आखावा. हा एक गुंठा. बाजू दुप्पट केल्यास किती गुंठे होतील, असे विचारल्यास 'दोन' हे उत्तर सहज संभवते. ते लगेच खोडून न काढता ६६ फुटांचा चौरस आखू द्यावा व त्यात गुंठे मोजू द्यावेत. ते चार भरतात. लांबी व क्षेत्र यांतील भेद असा पायांखाली स्पष्ट होतो.

शेवटी गुंठ्याच्याच एका कोपऱ्यापासून १० मीटर बाजूचा चौरस, म्हणजे एक आर, आखावा. दोहोंच्या बाजूंत जेमतेम ६ सेंटिमीटरांचे अंतर पडते. हे अंतर क्षुल्लक भासते. पण सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते आणि व्यवहारातील बोलणे गुंठ्यांत चालते. ४० गुंठ्यांस ४० आर मानल्यास सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा जमीन, हिशेबातून निसटते.

ज्याने दोन्ही चौरस स्वहस्ते आखले आहेत, त्यास ही चूक समजावून सांगावी लागत नाही. कोष्टक त्यानंतर पाठ करावे. तेव्हा ते अनुभवाचा सारांश ठरते.