बासची मान का झुकते?

गणेशोत्सवात खारघरच्या मंडपांत ऑर्केस्ट्रा रंगतो, तेव्हा बासवादकाच्या डाव्या हाताकडे जरूर पाहा. पुष्कळदा तो हात सूर दाबता दाबता गिटारची मानही उचलून धरत असतो. वादकावर हा नाहक भार आहे.

बासच्या तारा साधारण ३४ इंचांच्या. मान लांब, टोकाला जड खुंट्या. खांद्यावरच्या पट्ट्याचं पुढचं बटण खोक्याकडे मागे असेल, तर गुरुत्वमध्य त्याच्या फार जवळ येतो आणि मान खाली कलते. फेंडरच्या १९५१च्या प्रिसिजन बासचं वरचं शिंग, म्हणजे खोक्याचं हे बटण असलेलं पुढे आलेलं टोक, म्हणूनच बाराव्या पडद्याच्या आसपास पोचतं. गिब्सनच्या थंडरबर्डला असं लांब शिंग नाही, आणि तिची मान झुकते ही वादकांची जुनी तक्रार.

उपाय सोपा आहे: जुन्या बटणाच्या जागी ॲल्युमिनियमची छोटी पट्टी बसवून बटण काही सेंटिमीटर पुढे न्यायचं. शिवाय वाद्य उजवीकडे सरकतं, पहिला पडदा हाताशी येतो. खोक्यात शिसं भरण्यापेक्षा मला हेच पटतं; खांद्यावरचं ओझं वाढत नाही. मात्र पट्टी तरफ बनून स्क्रूवर ताण आणते. एकाच स्क्रूवर विसंबू नका, लाकूड फाटेल.