खुदाबादी युनिकोडमध्ये आली, मग फोनवर चौकोन का?

सिंधी म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहायची अरबी वळणाची लिपी, असं उल्हासनगरच्या शेजारी राहणारे अंबरनाथ-बदलापूरकरही धरून चालतात. 52 अक्षरांची ती लिपी इंग्रजी अमलात, 1853 मध्ये ठरली. सिंधमधल्या हिंदू व्यापाऱ्यांच्या वह्या मात्र डावीकडून उजवीकडे भरल्या जायच्या, खुदाबादीत. आपल्या ब्राह्मी कुळातलीच ही लिपी; नाव सिंधमधल्या खुदाबाद गावावरून पडलेलं. व्यापारी घाईत काना-वेलांट्या सर्रास गाळत. म्हणून 1868 मध्ये शाळा-कचेऱ्यांसाठी तिचं स्वरचिन्हांसकट रूप पक्कं करण्यात आलं. तरी शाळांत रुळली अरबी लिपीच. पुढे फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या बराकींत सिंधी निर्वासित उतरले, 1949 मध्ये कॅम्पाचं उल्हासनगर झालं, आणि भारतात सिंधीसाठी देवनागरीही वापरात आली.

खुदाबादी जून 2014 मध्ये युनिकोडच्या 7.0 आवृत्तीत दाखल झाली. मोडीही त्याच आवृत्तीत आली, आणि दोन्हींचे प्रस्ताव अंशुमन पांडे यांचेच. ‘आता फोनवर दिसायला हवी’ ही अपेक्षा तिथूनच सुरू होते आणि तिथेच फसते. युनिकोड अक्षराला फक्त क्रमांक देतं, अक्षर काढून देत नाही. ते काम फॉन्टचं. काना-मात्रा जागेवर बसवणारी प्रणाली आणि कळफलक हे आणखी वेगळे. फॉन्ट नसला की पडद्यावर चौकोनांची रांग लागते. मजकूर आत शाबूत असतो.

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा नागरी शिलालेख आजचा वाचक सहज वाचू शकत नाही, इतकी वळणं बदलली आहेत. तरीही तो टाइप करायचा झाला तर क्रमांक आजच्या देवनागरीचेच लागतील. जुनं वळण हवं असेल तर तसा फॉन्ट करावा.

खुदाबादीला मिळालेले क्रमांक 69. त्यांत 10 स्वर, 37 व्यंजनं, 9 स्वरचिन्हं, 10 अंक, शिवाय अनुस्वार, नुक्ता आणि हलन्त. जोडाक्षरं कुठे गेली? त्यांना क्रमांक लागतच नाहीत. देवनागरीतल्या ‘क्ष’लाही स्वतःचा क्रमांक नाही, क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक ओळीने ठेवले की फॉन्ट त्याचा ‘क्ष’ करतो.

‘मराठी युनिकोड’ हा शब्दही असाच फसवा. क्रमांक लिपीला मिळतात, भाषेला नाही. मराठी, हिंदी आणि देवनागरीतली सिंधी एकाच कोष्टकातून अक्षरं उचलतात. त्यात सिंधीची खास चार अक्षरं आहेत: ॻ, ॼ, ॾ, ॿ. हवा आत ओढून केलेले हे उच्चार मराठीत नाहीत, त्यामुळे खालची रेघ आपल्याला नक्षी वाटते. सिंधीत ‘ॿारु’ म्हणजे मूल आणि ‘बारु’ म्हणजे ओझं! ही चार अक्षरं 2006 च्या 5.0 आवृत्तीत आली. त्यांतल्या ‘ॿ’ऐवजी साधा ‘ब’ टाइप करून वर्डमधून अधोरेखित केला, तर छापील कागदावर काम भागतं. तोच मजकूर साध्या मेसेजमध्ये चिकटवला की रेघ गळते आणि मुलाचं ओझं होतं. शोध घेतानाही पंचाईत, कारण संगणकाच्या लेखी तो ‘ब’च असतो.

क्रमांक मिळाला म्हणजे तो साठवला जाईलच, असंही नाही. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, खुदाबादीचं आणि मोडीचं चार. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसची जुनी ‘यूटीएफ-8’ सोय तीन बाइटपर्यंतच थांबायची. चार बाइटचं चिन्ह आलं की नोंद नाकारली जाई, नाहीतर मजकूर तिथेच तुटे. नेहमीचे इमोजीही चार बाइटचेच. ग्राहकांनी ते पाठवायला सुरुवात केली आणि अनेक ठिकाणी डेटाबेस सुधारणं भाग पडलं. खुदाबादी आणि मोडीची सोय त्या हसऱ्या चेहऱ्यांच्या मागून झाली.