घराचे तापमान कोण पाहणार?

१९५१ मधली गोष्ट. अमेरिकेतील शिकागो शहरात व्हर्जिनिया सॅटिर या पस्तिशीतल्या समुपदेशक बाईंकडे एक तरुणी उपचारांसाठी येत होती. तिच्यावर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला होता. सहा महिन्यांत ती बरीच सावरली. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. मुलीला माझ्यापासून तोडलेत, कोर्टात खेचीन, असा दम ती देत होती. सॅटिर यांना त्या बोलण्यात दोन गोष्टी ऐकू आल्या. शब्दांत धमकी होती, आवाजात विनवणी होती. त्यांनी विनवणीला उत्तर दिले आणि आईलाही बोलावून घेतले.

आई समोर बसताच मुलगी पुन्हा पहिल्या दिवसासारखी झाली. नव्याने काम सुरू झाले आणि मायलेकींचे सूत जुळले. मग प्रश्न आला वडिलांचा. त्या काळी अशा उपचारांत वडिलांना बोलावण्याची पद्धत नव्हती. ते आले आणि बसलेली घडी पुन्हा विस्कटली. शेवटी घरातला ‘गुणी’ मुलगा, म्हणजे तिचा भाऊ आला, तेव्हा कुठे चित्र पूर्ण झाले. आजारी म्हणून एकटीच आली होती, पण पेच चौघांचा होता.

स्किझोफ्रेनिया घरच्यांमुळे होतो, असा याचा अर्थ नाही. त्या आजाराला डॉक्टर आणि औषधे लागतातच. पण माणूस बरा होऊन ज्या घरात परततो, तिथली बोलण्याची रीत तीच राहिली तर त्याचे सावरणे अवघड होते, हे सॅटिर यांनी ओळखले. कुटुंबाला एकत्र बसवून उपचार करण्याची पद्धत रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. १९६४ आणि १९७२ मध्ये आलेली त्यांची पुस्तके आजही अभ्यासली जातात.

हंड्यात काय आहे?

सॅटिर यांचा जन्म १९१६ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या शेतकरी घरातला. त्यांच्या मागच्या ओसरीत एक मोठा काळा लोखंडी हंडा असे. आई कधी त्यात साबण करी, मळणीच्या दिवसांत मजुरांसाठी त्यात रस्सा शिजे, तर कधी वडील त्यात फुलझाडांसाठी खत साठवत. त्यामुळे हंडा वापरायचा तर आधी दोन गोष्टी विचाराव्या लागत : आत काय आहे, आणि किती भरला आहे?

माणसाच्या आत्मसन्मानाला त्यांनी हीच उपमा दिली. कामावर बोलणी खाऊन आलेला बाप घरात पाऊल टाकतो, तेव्हा त्याचा हंडा रिकामा असतो. दिवसभर राबून कौतुकाचा एक शब्द न मिळालेल्या गृहिणीचाही तसाच. मग भाजीत मीठ कमी पडले एवढ्यावरून घर पेटते. भांडण मिठाचे नसतेच.

चार मुखवटे

हंडा रिकामा असला की माणूस चारपैकी एक मुखवटा चढवतो, असे सॅटिर सांगत. एक मनधरणी करतो : ‘माझंच चुकलं, तुम्ही म्हणाल तसं.’ दुसरा बोट रोखतो : ‘तू नेहमी असंच करतोस!’ तिसरा भावना बाजूला ठेवून कोरडा हिशेब मांडतो, जणू घरात नाही, मीटिंगमध्ये बसला आहे. चौथा विषयच उडवतो : आई रडत असताना त्याला क्रिकेटचा स्कोअर आठवतो. आपल्या घरात कोण कोणता, हे ओळखायला फार वेळ लागत नाही.

पण मुखवट्याच्या आत काय असते? बोट रोखणारा आतून एकटा असतो. मनधरणी करणाऱ्याला आपली काही किंमतच वाटत नाही. हिशेब मांडणाऱ्याला भावनेची भीती वाटते आणि विषय उडवणाऱ्याला या घरात आपल्याला जागा नाही असे वाटत असते. या चौघांखेरीज पाचवी वाट आहे : मनात जे आहे तेच शब्दांत आणि चेहऱ्यावर येऊ देणे. ‘मला राग आलाय, कारण मी तुझी वाट पाहत होते.’ एवढे सरळ वाक्य अनेक घरांत वर्षानुवर्षे उच्चारले जात नाही.

पाच गोष्टी, एक बैठक

यावर सॅटिर यांनी दिलेला उपाय साधा आहे. त्याला त्या घराचे तापमान पाहणे म्हणत. सगळ्यांनी एकत्र बसून पाच गोष्टी बोलायच्या : कोणाचे काय आवडले, मनात कोणती शंका आहे, कशाची तक्रार आहे आणि त्यावर काय सुचते, नवीन काय घडले, आणि पुढे काय व्हावेसे वाटते. क्रमही महत्त्वाचा. आधी कौतुक, मग तक्रार, आणि तक्रारीसोबत सुचवणी हवीच.

‘आमचा धाकटा हाताबाहेर गेलाय, याला जरा समजवा,’ म्हणत मुलाला कोणाच्या तरी पुढे उभे करणारे आईबाप प्रत्येक गल्लीत आहेत. त्याला नेण्याआधी एका संध्याकाळी टीव्ही बंद करून, मोबाइल बाजूला ठेवून ही बैठक घरातच घालून पाहावी. सुरुवात थोरल्यांनी करावी, आणि त्या धाकट्याच्या कौतुकाने करावी. कदाचित तो प्रथमच मान वर करून बोलेल.